घड्याळाच्या पुढे धावताना : ओव्हरक्लॉक केलेल्या प्रोसेसरच्या अस्थैर्याचे निदान

प्रोसेसरच्या खोक्यावर छापलेला वेग ही त्या चिपच्या क्षमतेची कमाल मर्यादा नसून उत्पादकाने ग्राहकाला दिलेली हमी असते. त्या मालिकेतील सर्वांत कमकुवत चिपसुद्धा भर उन्हाळ्यात, धूळ बसलेल्या पंख्याखाली आणि काही वर्षे वापरून झाल्यावरही त्या वेगाने अचूक गणित करील, असा त्या आकड्याचा अर्थ असतो. ही हमी पाळता यावी म्हणून छापील वेग आणि चिपचा प्रत्यक्ष आवाका यांच्यात उत्पादक थोडी मोकळी जागा राखून ठेवतो. ही राखीव जागा वापरून प्रोसेसर नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालवण्याच्या क्रियेला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, आणि ती जागा संपल्यावर चिप जशी चुकीची वागू लागते त्याला अस्थैर्य म्हणतात.

या छंदाच्या इतिहासात इंटेलने १९९८ साली बाजारात आणलेल्या सेलेरॉन ३००ए या प्रोसेसरला मानाचे स्थान आहे. हा प्रोसेसर ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर, म्हणजे प्रोसेसर आणि इतर भागांना जोडणाऱ्या सामाईक मार्गावर, ४.५ या गुणकाने ३०० मेगाहर्ट्झ वेगाने चालत असे. बसचा वेग १०० मेगाहर्ट्झ केला की गुणक तोच राहूनही वेग ४५० मेगाहर्ट्झ, म्हणजे थेट दीडपट होई, आणि अनेक चिप हा भार विनातक्रार पेलत. जानेवारी २०११ मध्ये आलेल्या सँडी ब्रिज पिढीने ही वाट जवळजवळ बंद केली. त्या पिढीत १०० मेगाहर्ट्झच्या एकाच मूळ ठोक्यावर, म्हणजे बेस क्लॉकवर, प्रोसेसरबरोबरच पीसीआय एक्सप्रेस, साटा आणि यूएसबी या जोडण्यांचेही ठोके बेतलेले असल्यामुळे तो ठोका काही टक्क्यांहून अधिक वाढवला तर आधी या जोडण्याच कोलमडत. त्यामुळे वेग वाढवण्यासाठी गुणक तेवढा हाती उरला, आणि तोही ज्यांच्या नावात ‘के’ हे अक्षर आहे अशा मोजक्याच प्रोसेसरांत पूर्ण मोकळा होता. कोअर आय५-२५००के हा अशा प्रोसेसरांपैकी एक होय. त्याचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ गुणिले ३३ असा असून अनेकांनी तो ४.५ गिगाहर्ट्झपर्यंत नेला. या प्रकरणात मुख्य उदाहरण म्हणून हाच प्रोसेसर घेतला आहे, कारण येथे प्रयोगाच्या कळा कमी असल्याने कारण आणि परिणाम यांचे नाते स्पष्ट दिसते; निदानाची रीत मात्र त्यानंतरच्या प्रोसेसरांनाही तशीच लागू पडते.

ठोका आणि संकेताची शर्यत

प्रोसेसरच्या आत कोट्यवधी ट्रान्झिस्टरांपासून बनलेली तर्कमंडले असतात आणि त्यांच्या दोन्ही टोकांना क्षणभर मूल्य धरून ठेवणारे साठवणघटक असतात. घड्याळाचा ठोका पडला की एका साठवणघटकातून संकेत निघतो, मधल्या तर्कमंडलातून वाट काढतो आणि पुढचा ठोका पडण्याच्या किंचित आधी त्याने पलीकडच्या साठवणघटकाशी पोहोचून स्थिर व्हायचे असते. चिपमधील ज्या मार्गाला हा प्रवास करायला सर्वांत जास्त वेळ लागतो त्याला निर्णायक मार्ग म्हणतात, आणि संपूर्ण चिपचा वेग शेवटी याच एका मार्गावर ठरतो. ३.३ गिगाहर्ट्झला दोन ठोक्यांमध्ये सुमारे ३०३ पिकोसेकंद मिळतात, तर ४.५ गिगाहर्ट्झला २२२. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग, आणि २२२ पिकोसेकंदांत प्रकाशसुद्धा जेमतेम पावणेसात सेंटिमीटर अंतर कापतो. संकेताला उशीर झाला तर साठवणघटक थांबून राहत नाही. तो त्या क्षणी दारात जे मूल्य असेल तेच आत घेतो, म्हणजे शून्याच्या जागी एक किंवा एकाच्या जागी शून्य पुढे जातो आणि उरलेला सगळा हिशेब त्या चुकीच्या आकड्यावर उभा राहतो.

अस्थैर्याचे मूळ स्वरूप हे असे आहे. संगणक गोठणे, निळा पडदा दिसणे किंवा यंत्र आपोआप पुन्हा सुरू होणे हे त्या चुकीचे परिणाम आहेत, आणि तेही प्रत्येक वेळी दिसतीलच असे नाही. चुकीचा आकडा जर स्मृतीतील एखादा पत्ता असेल तर कार्यक्रम भलत्याच ठिकाणी जाऊन कोसळतो. तोच आकडा छायाचित्रातील एखाद्या बिंदूचा रंग असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि तो हिशेबाच्या तक्त्यातील रक्कम असेल तर फाइल व्यवस्थित जतन होते, फक्त तिच्यातील उत्तर चुकलेले असते. निर्णायक मार्ग प्रत्येक आज्ञेला वापरावा लागत नाही, विशिष्ट आज्ञा आणि विशिष्ट आकडे एकत्र आले तरच तो पूर्ण लांबीने वापरला जातो, म्हणून असा संगणक दिवसभर नीट चालून संध्याकाळी अचानक दगा देऊ शकतो. यावरून या विषयातील सर्वांत महत्त्वाचे सूत्र निघते : संगणक बंद पडतो की नाही एवढे पाहून भागत नाही, तो बरोबर उत्तर देतो की नाही हे तपासावे लागते.

व्होल्टेज आणि उष्णता

ट्रान्झिस्टरला मिळणारे व्होल्टेज वाढवले की तो अधिक जोराने विद्युतप्रवाह ढकलतो, पुढच्या ट्रान्झिस्टरचे टोक लवकर भारित होते आणि संकेताचा प्रवास कमी वेळात उरकतो. वेग वाढवल्यावर कोअरचे व्होल्टेज, ज्याला व्हीकोअर म्हणतात, तेही वाढवावे लागते ते यासाठी. या मदतीची किंमत मात्र मोठी असते. चिपने दर सेकंदाला खर्च केलेली वीज वेगाच्या समप्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ३.३ वरून ४.५ गिगाहर्ट्झ आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ केले, तर वेगाची वाढ ३६ टक्के असली तरी विजेचा खर्च सुमारे ७३ टक्क्यांनी वाढतो, आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते.

ही उष्णता पुन्हा वेगाच्या मुळावर येते. तांब्याचा विद्युतरोध तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो, तापलेल्या सिलिकॉनमध्ये विद्युतभारांची हालचाल मंदावते आणि बंद असलेल्या ट्रान्झिस्टरांतूनही पाझरणारा प्रवाह वाढून उष्णतेत आणखी भर पडते. परिणामी ६० अंशांना जे व्होल्टेज पुरेसे होते ते ८५ अंशांना अपुरे पडते. वापरकर्ता व्होल्टेज आणखी वाढवतो. त्याने तापमान आणखी चढते. अस्थैर्यावर व्होल्टेज हेच एकमेव औषध समजणारा मनुष्य या दुष्टचक्रात हमखास सापडतो, आणि म्हणून कोणताही उपाय करण्यापूर्वी आजार व्होल्टेजचा आहे की उष्णतेचा हे ठरवणे अगत्याचे असते.

तपासणीपूर्वीची पायाभूत नोंद

निदानाची पहिली पायरी ओव्हरक्लॉकिंगची नाहीच. बायोस, म्हणजे मदरबोर्डवरील मूलभूत नियंत्रणप्रणाली, उत्पादकाच्या मूळ मांडणीवर आणून संगणक त्या अवस्थेत पूर्णपणे निर्दोष आहे याची खात्री आधी करून घ्यावी लागते. रॅमची एखादी पट्टी मुळातच सदोष असेल, कूलरचा एखादा खुंटा नीट बसलेला नसेल, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधील थर्मल पेस्ट वाळून गेली असेल, तर ते दोष मूळ वेगावर झाकलेले राहतात आणि वेग वाढवताच उघडे पडतात. अशा वेळी दोष वाढीव वेगाच्या माथी मारला जातो आणि खरे कारण बाजूलाच राहते. रॅम तपासण्यासाठी मेमटेस्ट८६ हा कार्यक्रम ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाहेर, थेट पेनड्राइव्हवरून चालवतात आणि त्याच्या सर्व फेऱ्यांत एकही चूक निघाली नाही तरच रॅम निर्दोष मानतात. वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसची १२ व्होल्टची वाहिनी पूर्ण भाराखाली ११.४० ते १२.६० व्होल्ट या प्रमाणित पट्ट्यात राहते का, हेही याच टप्प्यावर पाहून घ्यावे.

या नोंदीत खोलीचे तापमान लिहून ठेवणे फार उपयोगी ठरते. हवेने थंड होणारा हीटसिंक प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. ठरावीक भाराखाली प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा साधारण ठरावीक अंशांनी गरम राहतो. पुण्यात डिसेंबरच्या रात्री खोलीत २० अंश असताना ज्या प्रोसेसरने चाचणीत ६८ अंश दाखवले, तोच प्रोसेसर मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडच्या ४२ अंशांच्या खोलीत ९० अंशांवर जाईल. सँडी ब्रिज प्रोसेसरची कमाल तापमानमर्यादा सुमारे ९८ अंश असून ती गाठताच चिप स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवते. म्हणून हिवाळ्यात स्थिर ठरलेली मांडणी उन्हाळ्यातही टिकेल असे गृहीत धरता येत नाही. विदर्भ-मराठवाड्यातील वापरकर्त्याने तर वैशाखातील दुपार डोळ्यांपुढे ठेवूनच मोकळी जागा राखली पाहिजे.

लक्षणांची भाषा

अस्थैर्य कोणत्या क्षणी प्रकट होते, यावरून त्याच्या कारणाचा बराचसा अंदाज बांधता येतो. बटण दाबल्यावर पंखे फिरतात पण पडद्यावर काहीच उमटत नाही, असे झाल्यास गुणक आवाक्याबाहेर गेला आहे किंवा रॅमची मांडणी मदरबोर्डला जुळवता आलेली नाही, असे समजावे. अशा वेळी मदरबोर्डवरील ठरावीक जंपर काही क्षण जोडून, किंवा वीजजोडणी काढून बटणाएवढा सेल थोडा वेळ बाजूला ठेवून, बायोसची साठवलेली मांडणी पुसून टाकतात. जड काम सुरू होताच काही सेकंदांत संगणक कोसळत असेल तर भाराखाली व्होल्टेज अपुरे पडते आहे. पंधरा-वीस मिनिटे नीट चालून, तापमान चढत जाऊन मग कोसळत असेल तर उष्णतेवर संशय घ्यावा. आणि कित्येक तासांनी एखादीच चूक होत असेल तर मांडणी सीमेच्या अगदी काठावर उभी आहे.

याच्या उलट, जड चाचणीत तासन्‌तास टिकणारा संगणक काहीच काम नसताना गोठतो, हा प्रकार अनेकांना बुचकळ्यात टाकतो. २५००के रिकामा असताना वीज वाचवण्यासाठी गुणक १६ वर आणून १.६ गिगाहर्ट्झवर उतरतो आणि त्याबरोबर व्होल्टेजही खाली येते. वापरकर्त्याने ‘ऑफसेट’ पद्धत निवडली असेल, आणि तीत चिप मागेल त्या व्होल्टेजमधून ठरावीक आकडा वजा करण्याची मांडणी केली असेल, तर ती वजाबाकी वरच्या वेगाला सोसते पण खालच्या वेगालाही ती तेवढीच होते आणि तेथे व्होल्टेज तोकडे पडते. निळा पडदा न दाखवता संगणक दिवा विझावा तसा बंद होत असेल, तर प्रोसेसरचे किंवा एसएमपीएसचे संरक्षक मंडल मध्ये पडले असण्याची शक्यता अधिक. आणि संगणक कधीच कोसळत नाही, पण वेग वाढवूनही काम लवकर होत नाही, असे दिसल्यास प्रोसेसर किंवा त्याला वीज देणारे मदरबोर्डवरील भाग तापून वेग गुपचूप खाली आणला जात आहे का, ते पाहावे.

विंडोजच्या निळ्या पडद्यावरील क्रमांकही काही सांगतात. १०१ या षोडशमान पद्धतीतील क्रमांकाचा अर्थ असा की प्रोसेसरच्या एखाद्या कोअरने घड्याळाच्या इशाऱ्याला ठरलेल्या वेळेत प्रतिसाद दिला नाही. ओव्हरक्लॉक केलेल्या संगणकावर हा क्रमांक बहुधा व्होल्टेज अपुरे असल्याची खूण मानतात. १२४ हा क्रमांक प्रोसेसरने स्वतःच्या आत दुरुस्त न होणारी यांत्रिक चूक पकडल्याचे कळवतो, आणि तिचे मूळ कोअर, त्याची कॅश किंवा स्मृतीचे नियंत्रण यांपैकी कोठेही असू शकते. १ए आणि ५० हे क्रमांक स्मृतीच्या व्यवहारातील गोंधळ दर्शवतात, त्यामुळे ते दिसले की रॅमकडे आधी पाहावे. याशिवाय विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत डब्ल्यूएचईए या नावाखाली दुरुस्त झालेल्या चुकांच्याही नोंदी सापडतात. संगणक वरकरणी सुरळीत चालत असताना अशा नोंदी साठत असतील तर तो स्थिर नाही, एवढे निश्चित.

संदेशाचा शब्दशः अर्थ मात्र नेहमी खरा मानता येत नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांवर खेळ सुरू करताना अनेकांना ग्राफिक्स कार्डाची स्मृती अपुरी असल्याचा संदेश दिसत असे, आणि साहजिकच त्यांचा संशय ग्राफिक्स कार्डावर जाई. प्रत्यक्षात खेळाची दाबून साठवलेली माहिती उलगडताना प्रोसेसर चुकत होता. उलगडलेली माहिती बिघडलेली असल्याने पुढची पायरी कोसळे आणि संदेश त्या पुढच्या पायरीचा दिसे. ज्याने संदेश दिला तोच दोषी, असे निदानात कधीही गृहीत धरू नये.

एका वेळी एकच बदल

या सगळ्या लक्षणांतून नेमके कारण वेगळे काढण्याची पद्धत जुनी आणि साधी आहे : इतर सर्व गोष्टी स्थिर ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवायची. म्हणूनच प्रोसेसरचा शोध सुरू असताना रॅम तिच्या मूळ वेगावर, सँडी ब्रिजच्या बाबतीत डीडीआर३-१३३३ वर, ठेवतात. रॅमच्या पट्टीवर छापलेला अधिक वेग ज्या एक्सएमपी मांडणीने मिळतो तीही प्रोसेसरमधील स्मृतीनियंत्रकाच्या दृष्टीने ओव्हरक्लॉकिंगच असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दोन ओव्हरक्लॉक एकाच वेळी सुरू असतील तर चूक कोणाची, हे कधीच सांगता येत नाही.

समजा, २५००केचा गुणक ४५ आणि बायोसमधील व्होल्टेज १.३० ठेवून प्राइम९५ हा कार्यक्रम चालवला आणि बाराव्या मिनिटाला चारपैकी तिसऱ्या कोअरवरील काम चूक दाखवून थांबले. प्राइम९५ हा मूळचा गणिताचा कार्यक्रम आहे. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली सुरू केलेल्या जिम्प्स या सार्वजनिक प्रकल्पात दोनाच्या घातातून एक वजा केल्यावर मिळणाऱ्या मर्सेन संख्यांपैकी मूळ संख्या कोणत्या, हे त्याच्या मदतीने शोधतात. या शोधात लाखो अंकी संख्यांचे गुणाकार दशांश आकड्यांच्या युक्तीने केले जातात, आणि उत्तरे पूर्णांकच यायला हवी असल्याने प्रत्येक उत्तर जवळच्या पूर्णांकापासून किती ढळले आहे हे कार्यक्रम तपासत राहतो. हे ढळणे ०.४ पेक्षा कमी असावे अशी अपेक्षा असते, ते ०.५ वर गेले म्हणजे उत्तर दोन पूर्णांकांच्या अगदी मधोमध लोंबकळते आहे, आणि तेथे कोठेतरी आकडा बिघडला आहे. शिवाय त्याच्या ‘टॉर्चर टेस्ट’ या यातनाचाचणीत अंतिम उत्तराची गाठ आधीपासून ठाऊक असलेल्या उत्तराशी घातली जाते. संगणक कोसळण्याची वाट न पाहता गणितातली चूक घडते तेथेच पकडणारा हा परीक्षक आहे, आणि ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांनी त्याला आपलेसे केले ते याच गुणामुळे.

आता तापमान ७२ अंश होते असे दिसले, तर उष्णतेवरचा संशय बराचसा फिटतो. एकच कोअर चुकला आणि उरलेले तीन चालत राहिले, याचा अर्थ चार कोअरांपैकी तो सर्वांत कमकुवत आहे; एकाच चिपवरचे कोअरही सारखे नसतात, आणि एकाच मालिकेतील दोन चिप तर कधीच सारख्या नसतात. यानंतर व्होल्टेज तसेच ठेवून गुणक ४४ करावा. चाचणी आता निर्विघ्न पार पडली तर रॅम आणि एसएमपीएस यांच्यावरचा संशय मागे पडतो आणि ४५ गुणकासाठी व्होल्टेज अपुरे होते हे निदान पक्के होते. मग पुन्हा ४५ वर येऊन व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ च्या पावलांनी वाढवत जावे आणि प्रत्येक पावलाला तीच चाचणी तेवढाच वेळ चालवावी. गुणक ४४ करूनही, किंवा अगदी ४० वर आणूनही चूक तशीच राहिली, तर दोष कोअरच्या वेगात नाही आणि शोधाची दिशा बदलायला हवी. प्राइम९५ मधील लहान आकाराची गणिते जवळजवळ संपूर्णपणे कोअर आणि कॅश यांच्यातच घडतात, तर ‘ब्लेंड’ ही मिश्र चाचणी रॅमलाही कामाला लावते. त्यामुळे पहिली उत्तीर्ण आणि दुसरी अनुत्तीर्ण, अशी जोडी दिसली की बोट रॅमकडे किंवा स्मृतीनियंत्रकाकडे वळते.

भाराखाली खचणारे व्होल्टेज

बायोसमध्ये १.३० व्होल्ट नेमून दिले म्हणजे चिपला नेहमी १.३० व्होल्ट मिळतातच असे नाही. १.३० व्होल्टला १३० वॉट खर्च करणारा प्रोसेसर १०० अँपिअर प्रवाह ओढतो, म्हणजे घरातल्या भिंतीवरच्या मोठ्या सॉकेटच्या १६ अँपिअर मर्यादेच्या सहापट. एवढ्या प्रवाहाच्या वाटेत हजारांश ओहम इतका नगण्य रोध असला तरी ओहमच्या नियमानुसार ०.१० व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि चिपच्या दाराशी १.२० व्होल्ट पोहोचतात. ही घट मदरबोर्डाच्या रचनेतील निष्काळजीपणा नव्हे. भार अचानक उतरला की व्होल्टेज क्षणभर उसळी घेते आणि ती उसळी सुरक्षित मर्यादेत राहावी म्हणून उत्पादक भाराबरोबर व्होल्टेज उतरेल असा उतार मुद्दाम ठेवतात.

लोड-लाइन कॅलिब्रेशन नावाची बायोसमधील सोय हा उतार कमी करते. तिची मधली पातळी बहुधा उपयोगी पडते, कारण मग रिकाम्या वेळी चिपला विनाकारण जास्त व्होल्टेज न देता भाराखाली पुरेसे देता येते. परंतु ती कमाल पातळीवर नेली तर भार उतरतानाची उसळी साध्या मोजणी-कार्यक्रमांच्या नजरेत न येण्याइतकी क्षणिक पण चिपला झोंबण्याइतकी मोठी होऊ शकते. पडद्यावर दिसणारा व्होल्टेजचा आकडा हा सेकंदातून एखाद्याच वेळी घेतलेला नमुना असतो, तर प्रोसेसरचा भार त्या एका सेकंदात हजारो वेळा चढतो-उतरतो. म्हणून नोंद करताना बायोसमधील आकडा, रिकाम्या वेळचा आकडा आणि पूर्ण भाराखालचा आकडा असे तिन्ही लिहावेत, आणि स्थैर्याचा विचार तिसऱ्या आकड्यावरून करावा.

चाचणी किती वेळ चालवावी

समजा, एखाद्या मांडणीत सरासरी दर दोन तासांनी एक चूक होते. चुका यदृच्छेने होत असल्याने दहा मिनिटांची चाचणी अशी सदोष मांडणीही सुमारे ९२ टक्के वेळा उत्तीर्ण होईल आणि एक तासाची चाचणी सुमारे ६१ टक्के वेळा. आठ तासांच्या चाचणीत मात्र तिच्या सुटून जाण्याची शक्यता दोन टक्क्यांच्याही खाली येते. सर्वसाधारण नियम असा की सरासरी जेवढ्या काळात एक चूक होण्याची भीती आहे त्याच्या तिप्पट काळ चाचणी निर्दोष चालली, तर ती भीती ९५ टक्के खात्रीने बाजूला ठेवता येते. रात्रभर चाचणी चालवण्याच्या प्रथेला असा गणिती आधार आहे. दहा मिनिटांच्या चाचणीचा उपयोग पावले लवकर टाकण्यापुरता. निकाल देण्यासाठी ती पुरेशी नाही.

एकदाच झालेली चूक योगायोग म्हणून सोडून देण्याचा मोहही टाळला पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दहा लाख घरगुती संगणकांच्या बिघाडनोंदींचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. त्यात ओव्हरक्लॉक केलेले संगणक प्रोसेसरच्या चुकीने कोसळण्याचे प्रमाण लक्षणीय जास्त आढळले, आणि यांत्रिक चुकीने एकदा कोसळलेला संगणक पुन्हा तसाच कोसळण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढलेली दिसली. पहिली चूक हीच दुसरीची सूचना असते.

चिपचेही वय होते

दोन वर्षे निर्दोष चाललेली मांडणी एके दिवशी चुकू लागते तेव्हा वापरकर्ता चालकप्रणाली, विषाणू आणि धूळ यांचा शोध घेतो, आणि तो घ्यावाच. पण चिप झिजते हेही लक्षात असावे. दाट विद्युतप्रवाहात इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने धातूच्या तारांमधील अणू हळूहळू सरकतात, तारेत कोठे पोकळी तर कोठे गाठ तयार होते. या क्रियेला विद्युतस्थलांतर म्हणतात. जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस मांडलेल्या समीकरणानुसार प्रवाहाची दाटी आणि तापमान वाढले की तारेचे आयुष्य झपाट्याने घटते. ट्रान्झिस्टरही व्होल्टेजच्या ताणाने वर्षानुवर्षे किंचित मंदावत जातात, त्यामुळे त्याच वेगासाठी पूर्वीपेक्षा अधिक व्होल्टेज लागू लागते.

वर उल्लेख केलेल्या १३व्या-१४व्या पिढीच्या प्रोसेसरांत हेच घडले, आणि तेही कोणी कळ न फिरवता. चिपकडून गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजची मागणी होत असल्याचे इंटेलने जुलै २०२४ मध्ये सांगितले, त्यानंतर मागणीची मर्यादा १.५५ व्होल्टवर आणणारी सुधारणा बायोसमार्फत दिली, हमीचा काळ दोन वर्षांनी वाढवला आणि सप्टेंबरमध्ये कोअरमधील ठोका वाटणारे मंडल वाढीव व्होल्टेज आणि तापमानाने जीर्ण होत असल्याचे स्पष्ट केले. बायोसमधील ही सुधारणा पुढची झीज रोखू शकते; झालेली झीज भरून काढू शकत नाही. उत्पादकाच्या हातून राखीव जागा वापरली गेली तरी परिणाम हाच, मग वापरकर्त्याने ती वापरताना किती जपायला हवे, हे वेगळे सांगायला नको.

शेवटचा निर्णय

निदान पूर्ण झाल्यावर वापरकर्त्यापुढे बहुधा असा पेच उरतो : ४५ गुणकावर संगणक रात्रभराच्या चाचणीत एकदाच चुकतो, त्याला सावरायचे तर व्होल्टेज आणि तापमान दोन्ही चढवावे लागतात, ४४ गुणकावर मात्र आहे त्या व्होल्टेजमध्ये एकही चूक होत नाही. या दोहोंतील फरक मोजून पाहावा. जे काम ४५ गुणकावर ६० मिनिटांत उरकते त्याला ४४ वर ६१ मिनिटे आणि २२ सेकंद लागतात. तासामागे ही ८२ सेकंदे मोजली की त्या बदल्यात प्रबंधातील तक्ता, दुकानाचा हिशेब, लग्नाच्या चित्रफितीचे संपादन आणि मुलांची जपून ठेवलेली छायाचित्रे ज्या आकड्यांवर उभी असतात, ते आकडे बरोबर असल्याची खात्री मिळते. वेग वाढवण्याचा आनंद खरा आहे आणि त्यामागची जिज्ञासा आदराला पात्र आहे. परंतु संगणकाला गणकयंत्र म्हणायचे असेल, तर त्याच्या वेगाची अंतिम सीमा त्याचे गणित चुकायला लागण्याच्या एक पाऊल अलीकडेच आखावी लागते.